दीक्षा शब्द देत नाही

दीक्षा पाईकरावला लग्नाची पत्रिका द्यायला जाणं म्हणजे डोक्याला ताप. पत्रिका हातात ठेवून आपण म्हणतो, यायचं बरं का. त्यावर दुसरी कुठलीही बाई म्हणेल, येणार म्हणजे येणारच. मग नाही आली तरी कुणी मनावर घेत नाही. दीक्षा म्हणते, "यायचं ठरवते. जमेलच असं सांगत नाही." माझ्या भाचीच्या लग्नाच्या वेळी तिनं हेच ऐकवलं आणि माझी बहीण माझ्यावर फुगून बसली. लग्नाच्या दिवशी पाहुण्यांच्या आधी ही बया मांडवात हजर होती आणि वाढायलाही उभी राहिली.

मी शिवकन्या, मूळची कुरुंद्याची. हिंगोलीतल्या एका लहानशा संस्थेत आम्ही दोघी कामाला आहोत. ज्या लेकरांवर अत्याचार झाले, ज्यांची खेळायच्या वयात लग्नं लावली, ज्यांना कुठे कामाला जुंपलं, अशांसोबत आमची संस्था काम करते. मी ऑफिस सांभाळते. म्हणजे फोन घेते, पत्रं लिहिते, गाडीवाल्याशी भांडते आणि वरून साहेब आले की चहा सांगते. दीक्षा लेकरांच्या सोबत असते. पोलीस ठाणं, दवाखाना, बालकल्याण समिती, कोर्ट, जिथं जिथं लेकराला जावं लागतं तिथं ती शेजारी बसते. हे काम करणाऱ्याला कायद्यात आधार व्यक्ती म्हणतात. नाव मोठं आहे, पण निम्मं काम वाट बघण्याचं असतं.

ती गोरेगावची. वडील पुंजाजी बाजारात शिवणयंत्र घेऊन बसायचे. बौद्ध घर, आणि नुसतं नावापुरतं नव्हे. घरात नवस नाही, अंगारा नाही, गळ्याला हात लावून "आईशप्पथ" म्हटलं तरी पुंजाजी पोरांना उठाबशा काढायला लावायचे. माणसानं खरं बोलावं, त्याला शपथ कशाला लागते, असं त्यांचं म्हणणं. ते दीक्षाच्या रक्तात उतरलं. वर तिनं नांदेडला समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि मग काही विचारू नका. हिच्या प्रत्येक गोष्टीला आधार असतो. "अभ्यासात दिसलंय," हे तिचं पालुपद. मी चिडवायची, बाई, हळद कशी शिजवावी यावर कुणी अभ्यास केला असेल तर तोही आण, माझ्या भावाला देते. ती हसायची आणि परत आपलं तेच.

पण मी बघत आले आहे, तिचं चूक नसायचं. ज्या लेकराला घरच्याच माणसानं फसवलं, त्याला उद्या येते सांगून परवा गेलं, तर त्याच्या लेखी तेही फसवणंच असतं. म्हणून दीक्षा कुणाला शब्द देत नाही. "सगळं ठीक होईल" हे वाक्य तिनं आमच्या ऑफिसातून हद्दपार केलं होतं. "काहून"सुद्धा. काहून गेलीस, काहून सांगितलं नाहीस, असं विचारलं की लेकराला वाटतं आपलंच चुकलं. त्याऐवजी ती म्हणायची, त्याच्या पुढचं सांग. नाही सांगितलं तर नाही. पिशवीत तिच्या नेहमी भुईमुगाच्या शेंगा असायच्या. लेकरासमोर न बसता ती त्याच्या बाजूला बसायची, मध्ये शेंगांचा ढीग, आणि दोघं फोडत राहायची. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही आणि हात रिकामे नसतात, तेव्हा लेकरू बोलतं. याचाही अभ्यास आहे म्हणे. आमच्या ऑफिसात टरफलं कायम पायाखाली यायची, त्यावरून मी किती बोलले असेन तिला.

तर दिपा. हे तिचं खरं नाव नाही आणि गावाचं नावही मी सांगणार नाही. वसमत तालुक्यातलं हळदीचं गाव आहे, एवढं पुरे. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि दिपाला चुलत्याकडे ठेवायचे, म्हणजे शाळा बुडणार नाही. चुलता भागवत, त्याची बायको, तीन वर्षांची पुजा आणि एक तान्हं. पुजा दिवसभर दिपाच्या कडेवर. दिपा नववीत होती. चुलत्यानं काय केलं ते मी इथं लिहीत नाही. पोरीनं ते शाळेतल्या बाईंना सांगितलं, बाईंनी न घाबरता पोलिसांना कळवलं, गुन्हा दाखल झाला, भागवत आत गेला आणि यथावकाश जामिनावर बाहेरही आला. तक्रार उशिरा झाली होती. बाकीचा पुरावा लंगडा होता. सगळा भार पोरीच्या बोलण्यावर.

आणि पोरीच्या बोलण्यावर गावाचा विश्वास बसेना. तिची आई नीलाबाई वाईट बाई नव्हे. पण एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला दीर, ज्याच्या भरवशावर हे नवराबायको घर सोडून जात. तिनं तोड काढली ती आमच्याकडे बापजाद्यांपासून काढतात तीच. देवाला विचारायचं. खंडोबापुढची हळद आणि बेलाचं पान हातावर घ्यायचं आणि बोलायचं. आम्ही त्याला भंडार उचलणं म्हणतो. जो खोटा असेल त्याला देव बघून घेतो.

दीक्षाला हे कुणी कळवलं नाही. एका रविवारी सगळे देवळापुढे जमले. भागवत अंघोळ करून आला, भंडार उचलला, मी निर्दोष आहे म्हणाला आणि तो कपाळाला लावून मोकळा झाला. मग दिपाला पुढे केलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले ते सोडलेच नाहीत. आईनं विनवलं, म्हाताऱ्यांनी दटावलं, कुणी म्हणालं खरी असशील तर भ्यायचं काय. पुजा तेवढ्यात तिचा फ्रॉक ओढत होती, कडेवर घे म्हणून. दिपानं तिलाही घेतलं नाही. झालं. गावाला निकाल मिळाला. नीलाबाईनं त्याच आठवड्यात समितीपुढे येऊन सांगितलं, हिला तुमीच ठेवा. दिपा बालगृहात गेली.

मला हे कळलं तेव्हा मीही मनात म्हटलं, खरी असती तर उचलला असता. तोंडानं बोलले नाही, एवढंच. कुरुंद्यात वाढलेल्या बाईच्या मनात दुसरं काय येणार?

दीक्षा बालगृहात जायला लागली. शेंगा घेऊन. दिपा फोडायची, खायची नाही, बोलायची नाही. दीक्षानं तिला देवळातल्या त्या दिवसाबद्दल एकदाही विचारलं नाही. दुसरं कुणीही पहिल्याच भेटीत विचारलं असतं, काहून नाही उचललास? मी तर नक्कीच. बरेच आठवडे असे गेले. मग एकदा दीक्षा म्हणाली, "आमच्या घरात हे नसतं, दिपा, म्हणून मला खरंच माहीत नाही. भंडार उचलला की पुढं काय होतं?"

पोरगी फोडता फोडता थांबली. या बाईला एवढंही माहीत नाही, याचं तिला नवल वाटलं असावं. "एकल्यानं उचलला तर कायी होत न्हाई, ताई," ती म्हणाली. "दोघांनी उचलला की मंग देव खोट्याचं घर धरतो. माणसाला न्हाई धरत, त्याच्या लेकरांला धरतो. पुजी लहान हाय."

ऑफिसात येऊन दीक्षानं मला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे रागानं लाल होते. मला मात्र काटा आला. कारण पोरगी बरोबर सांगत होती. आमच्याही गावात बांधावरून दोन भावांनी भंडार उचलला होता आणि त्याच साली एकाचं पोरगं विहिरीत गेलं. ही गोष्ट ऐकत मी मोठी झाले. दिपानं हात मागे बांधले ते खोटी होती म्हणून नव्हे. आपण खऱ्या आहोत हे तिला पक्कं माहीत होतं आणि म्हणूनच ती उचलत नव्हती. अख्ख्या गावात देवावर पुरता विश्वास असणारी ती एकटीच होती, आणि तिलाच सगळ्यांनी खोटी ठरवलं.

मी म्हटलं, आईला सांगू या. दीक्षानं आधी दिपाला विचारलं, कारण तिच्या परवानगीशिवाय ती काही करत नसे. दिपा नको म्हणाली. आईला कळलं तर आई म्हणेल, मग उचल. तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं.

साक्षीची तारीख लागली आणि नवी पंचाईत उभी राहिली. कोर्टात शपथ असते. देवाला स्मरून खरं सांगेन म्हणायचं. दिपानं ते ऐकलं आणि हात मागे नेले, जसे देवळात नेले होते. दीक्षानं धावपळ केली. कोर्टात देवाचं नाव न घेता नुसत्या सत्यप्रतिज्ञेवरही बोलता येतं, हे तिला घरातूनच ठाऊक होतं. सरकारी वकिलांशी बोलली, त्यांनी न्यायाधीशांच्या कानावर घातलं, आणि काही अडचण न येता ते मान्य झालं. दीक्षा त्या दिवशी खुशीत होती. मला म्हणाली, बघा शिवकन्याताई, वाट असते.

कोर्टाच्या व्हरांड्यात मी डबा घेऊन सोबत होते. पुकारा व्हायचा होता. दिपा भिंतीला टेकून उभी होती. तिनं विचारलं, हेबी उचलल्यासारखंच हाय ना? दीक्षा म्हणाली, नाही, यात देव नाही, भंडार नाही, फक्त तुझं बोलणं आहे. पोरीनं तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "पुजीला कायी होणार न्हाई ना?"

"पुजीला काही होणार नाही," दीक्षा म्हणाली. "माझा शब्द."

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते दोन शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. तिला स्वतःलाही कळलं नाही की आपण शब्द दिला. नंतर म्हणाली, मला तो शब्द वाटलाच नाही हो. उद्या सूर्य उगवेल असं कुणाला सांगणं म्हणजे काय शब्द देणं असतं का? तिच्या घरात वाढलेल्या माणसाला ते वाटणारच नाही. मी असते तर माझी जीभ अडखळली असती. माझ्या अंधश्रद्धेनं मला तेवढं शहाणं ठेवलं असतं.

दिपा बोलली. मध्ये पडदा होता, पलीकडे भागवत. न्यायाधीश बाई होत्या, त्यांनी पोरीला खुर्ची दिली, पाणी दिलं, घाई केली नाही. दिपानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज न चढवता. भागवतच्या वकिलानं उलटतपासणीसाठी पुढची तारीख मागून घेतली. बाहेर आल्यावर पोरीनं माझ्या डब्यातल्या दोन भाकरी खाल्ल्या आणि परतीच्या वाटेवर दीक्षाच्या खांद्यावर झोपली. मला वाटलं, जिंकलो.

पुढची तारीख यायच्या आत पावसाळा आला. गावात घरोघरी ताप होता. पुजाला ताप आला, वसमतला नेलं, तिथून नांदेडला. डेंग्यू होता. पुजा गेली.

माझ्याही मनात पहिलं तेच आलं, जे गावाच्या मनात आलं. भंडार लागला. मग लाज वाटली, पण आधी ते आलं. गावानं तर उघडच म्हटलं. भागवतनं खोटा भंडार उचलला, देवानं दाखवून दिलं, पोरगी खरी होती. ज्या म्हाताऱ्यांनी दिपाला दटावलं होतं, तेच आता भागवतच्या दारावरून जाताना थुंकायला लागले. जे पोलिसांना जमलं नाही, कोर्टाला अजून जमायचं होतं, ते एका डासानं करून टाकलं. याहून वाईट रीतीनं कुणाला कुणाचा विश्वास मिळाला असेल, असं मला वाटत नाही.

दीक्षा दुसऱ्या दिवशी बालगृहात जाऊन दिपाला हे हळूहळू सांगणार होती. कसं सांगायचं हे ती वाचत बसली होती. पण नीलाबाई तिच्या आधी पोचली. नारळ, नवा ड्रेस, पेढे घेऊन. पोरीच्या पायावर डोकं ठेवून रडली. म्या तुला खोटं ठरवलं माय, पण देवानं न्याय केला, त्याची पुजी नेली. पश्चात्तापानं बोलत होती बिचारी. आपण काय बोलून बसलो, याची तिला कल्पनाच नव्हती. दिपानं पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसली, असं तिथल्या बाईंनी नंतर सांगितलं.

त्यानंतर दीक्षानं जे जे करता येईल ते केलं. आरोग्य केंद्रातल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना नेलं. त्यांनी पोरीला डास, पाण्याच्या टाक्या, गावात आणखी किती घरांत ताप होता, सगळं समजावलं. ज्यांनी कधी भंडार पाहिला नाही त्यांच्याही घरात तो ताप होता, हे सांगितलं. दिपा शहाण्यासारखी ऐकत होती. व्हय म्हणत होती. दीक्षाला हे "व्हय" आवडलं नव्हतं. लेकरू वाद घालायचं सोडून व्हय म्हणायला लागलं की काहीतरी आत बंद झालेलं असतं, असं ती म्हणाली. समुपदेशनाची वेळ वाढवली. साक्षीबद्दल मात्र तिला एक अक्षर बोलता येत नव्हतं. साक्षीदाराला काय बोल हे सांगणं तिच्या कामात बसत नाही, आणि ती नियम मोडणाऱ्यांतली नाही.

उलटतपासणीला वकिलानं मोठी तयारी करून आणली असणार. ती लागलीच नाही. त्यानं सुरुवातीलाच नेहमीचं विचारलं, तू हे सगळं कुणाच्या तरी सांगण्यावरून रचलंस, बरोबर? दिपा म्हणाली, "व्हय. मी खोटं बोलले. काकानं कायी केलं न्हाई."

वकीलसुद्धा गडबडला. न्यायाधीशबाईंनी तिला परत परत, मायेनं विचारलं, कुणी धमकावलं का. नाही म्हणाली. सरकारी वकिलांनी नंतर दीक्षाला बाजूला घेऊन कारण विचारलं. दीक्षानं आपल्या मनात आलेलं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, मॅडम, हे मी कोर्टापुढं मांडू कसं? पुढे काही महिन्यांनी भागवत संशयाचा फायदा मिळून सुटला. गावात आला, त्याच घरात राहतो. गाव त्याच्याशी बोलत नाही, पण तो तिथंच आहे.

निकालाच्या दिवशी नीलाबाई कोर्टाच्या आवारात मला म्हणाली, "सारं गाव म्हणून राहिलं का लेकरू खरं व्हतं. आन् हीच म्हणून राहिली का मी खोटी. आता मी काय करू, ताई?" कोणी विश्वास ठेवत नव्हतं तेव्हा पोरगी खरं बोलली होती. आई तिला घरी न्यायला तयार झाली तेव्हा समितीनं पाठवलं नाही, कारण तो माणूस भिंतीपलीकडे राहत होता. समितीचं बरोबरच होतं. दिपा अजून बालगृहातच आहे. बारावीला बसेल.

निकालानंतर दीक्षा तिला भेटायला गेली तेव्हा मी मुद्दाम सोबत गेले. दीक्षा काही दिवस जेवत नव्हती, मला तिची भीती वाटत होती. दोघी ओट्यावर बसल्या, मध्ये शेंगा. मी जरा अंतरावर. दीक्षानं विचारलं नाही, काहून असं केलंस. आताही नाही. शेवटी दिपाच म्हणाली, तान्ह्याचं राह्यलं व्हतं ना, ताई. मी माझं बोलणं परत घेतलं, आता दोघांचं उचलणं न्हाई राह्यलं, एकट्या काकाचं झालं. हिशोब चुकता केल्यासारखं सांगत होती, उगीच दुःख न करता.

दीक्षा काहीतरी बोलायला गेली. बाळाला काही होणार नाही, असंच म्हणणार असावी, दुसरं काय म्हणणार. दिपानं घाईनं तिच्या हातावर हात ठेवला.

"तुमी नका बोलू, ताई. तुमी शब्द दिला की उलटं व्हतं."

ती रागावून बोलली नाही. एखादं भांडं गरम आहे, हात लावू नका, असं सांगावं तसं बोलली. दीक्षानं मान हलवली आणि पुढची शेंग घेतली.

येताना एसटीत दीक्षा खिडकीपाशी बसली होती. मी ठरवलं होतं, आज हिला चिडवायचं नाही आणि समजवायचंही नाही. पुंजाजीची ही पोरगी, जिनं जन्मात कधी अंगारा लावला नाही, दिवाळीला माझ्या घरी आली तरी देवघराकडे पाठ करून फराळ करणारी, ती माझ्याकडे न बघता मला विचारू लागली.

"शिवकन्याताई, तुमच्यात हे उतरवायचं काही असतं का हो? भंडार. काही विधी, काही. तिच्यासाठी. मी करीन. तुम्ही सांगाल ते करीन."

मी म्हटलं, आईला विचारते. घरी आल्यावर कुरुंद्याला फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, न्हाई बाई, तसं कायी नसतं. एकदा झालं ते झालं.

दीक्षाला मी हे अजून सांगितलेलं नाही. ती रोज ऑफिसात येते, पिशवी ठेवते आणि माझ्याकडे बघते.